ट्रॅक्टरची बॅटरी आणि बेल-भंडार

आमच्या घरात कुणाचा कुणावर विश्वास नव्हता आणि त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नसे. माझी आई, तिला आम्ही बाई म्हणायचो, दूधवाल्याच्या मापात बोट बुडवून बघायची आणि मग त्याच्या तोंडाकडे बघायची. माझे वडील, आण्णा, बांधावरून चालताना शेजाऱ्यानं बांध कोरलाय का ते पायानं चाचपत चालायचे. सकाळी बघितलेलं संध्याकाळी पुन्हा बघायचे. आणि मी त्या दोघांची एकुलती लेक. मैत्रिणीनं वही परत केली की मधलं पान फाडलंय का, ते तिच्यासमोरच चाळून बघणारी. आता साठी उलटून गेली, नगरला मुलाकडे राहते, तरी गॅसवाला टाकी ठेवून गेला की मी ती हलवून बघते. सून हसते. हसू दे बापडी. पण या स्वभावाची किंमत मी एकदा डोळ्यांनी बघितली आहे, आणि ती मला नाही, दुसऱ्यालाच मोजावी लागली. आजवर हे कुणाला धड सांगितलं नाही. आता सांगून टाकते.

आमचं घर तिसगावपासून आत, मळ्यात. पुढे पत्र्याची पडवी, मागे चूल, आणि पडवीला लागून ट्रॅक्टरचं छप्पर. त्यामुळे आमची सकाळ ट्रॅक्टरच्या आवाजानंच व्हायची. बाई चुलीवर बाजरीची भाकरी थापत असायची, वैलावर कुळथाच्या शेंगोळ्या रटरटत असायच्या, लसणाचा वास घरभर, आणि तेवढ्यात बाहेर स्टार्टर घुर्र करायचा, इंजिन पकडायचं, भांड्यांची फळी थरथरायची. बाई म्हणायची, "उठला बाई तुझा भाऊ." मला भाऊ नव्हता, म्हणून ती ट्रॅक्टरलाच माझा भाऊ म्हणायची. ट्रॅक्टर जुना होता, कुणाचा तरी वापरलेला घेतलेला, पण त्या वस्तीवर तेवढा एकच. पेरणीच्या दिवसांत आसपासचे दहा-बारा जण आण्णांच्या दारात नंबर लावून बसायचे. आण्णांना ते फार आवडायचं. चहा पाजायचे आणि मुद्दाम उशीर करायचे.

ट्रॅक्टर चालवायला भानाभाऊ होता. पाथर्डीच्या पलीकडच्या डोंगरातला माणूस, काळा, उंच, कमी बोलणारा. आधी बायकोला घेऊन दर साली ऊस तोडायला जायचा. तिकडेच कारखान्याच्या गाड्यांवर बसून बसून ट्रॅक्टर शिकला आणि आमच्याकडे ड्रायव्हर म्हणून राहिला. आमच्याच विहिरीजवळ दोन खोल्यांत तो, त्याची बायको शेवंता आणि मुलगी मंगल राहायची. मंगल आमच्या वस्तीवरच्या शाळेत चौथीत होती. शेवंता बाईला एकदा म्हणाली होती, "कोयता सुटला बगा बाई आमचा. पोरगी एका शाळंत दोन वरसं टिकली, आमच्या घरात आसं कुनाचंच झालं न्हाई." भानाभाऊची नोकरी म्हणजे त्या घराला काय होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला ट्रॅक्टर रंगवायची टूम माझीच. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, कुळव, विळे, कोयती सगळी धुऊन पुजतात, कशालाच कामाला हात लावत नाहीत. मी पाथर्डीच्या कॉलेजात सायन्सला होते, सुट्टीला आले होते, आणि रांगोळीत माझा हात धरणारी आसपास कुणी नव्हती. म्हटलं, ट्रॅक्टर असा सजवू की लोकांनी बघत राहावं. आण्णांनी तिसगावहून लाल ऑइलपेंटचा डबा आणला. भानाभाऊनं पुढचे दिवे, चाकावरचे पत्रे सोडवून दिले आणि म्हणाला, "ताई, इंजनाकडंचं तेवढं ऱ्हाऊ द्या. तितलं मी बगतो." मला राग आला. याला काय वाटतं, मला जमणार नाही? तो जेवायला गेला तेव्हा पाना घेऊन मी तिकडचं जे सुटेल ते सोडवलं, घासलं, रंगवलं, पुन्हा बसवलं. गंज दिसला तिथे दोन दोन हात दिले. खंडेनवमीला झेंडूच्या माळा घातलेला तो लालभडक ट्रॅक्टर बघून आण्णा चक्क हसले. आमच्या घरात हे वर्षातून एकदा व्हायचं.

दसरा झाला, आपट्याची पानं वाटून झाली, हरभऱ्याच्या पेरण्या तोंडावर आल्या आणि एका सकाळी चुलीपाशी आम्हाला घुर्र ऐकूच आलं नाही. नुसतं कट्ट. पुन्हा कट्ट. बाईनं भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि बाहेर आली. बॅटरी उतरली होती. भानाभाऊ आणि नंबर लावून बसलेले चौघे यांनी ढकलत ट्रॅक्टर ओढ्याच्या उतारावर नेला, गिअर टाकून सोडला, तेव्हा कुठे तो सुरू झाला. आण्णांनी बॅटरी तिसगावला सोपान मिस्त्रीकडे चार्जिंगला दिली. ती आल्यावर दोन दिवस घुर्र, तिसऱ्या दिवशी पुन्हा कट्ट. मग भानाभाऊ रोज ट्रॅक्टर उतारावरच लावायला लागला. ढकलायला आलेल्यांत हसाहशी सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "आण्णा, रंग बैलाला द्यायचा आसतुया, तुमी ट्रॅक्टरला दिला." आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

ज्यांना यातलं माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. इंजिन फिरलं की पट्ट्यावर डायनामो फिरतो, डायनामो वीज करतो, ती बॅटरीत भरली जाते. दोघांच्या मध्ये एक पत्र्याचा छोटा डबा असतो, त्याला कटआऊट म्हणायचे. तो वीज बॅटरीकडे जाऊ देतो, उलटी फिरू देत नाही. आणि समोर एक सुई असते. बॅटरी भरत असली की ती उजवीकडे कलते. आताच्या ट्रॅक्टरला काय, सगळं पडद्यावर दिसतं. भानाभाऊ पहिल्याच दिवशी आण्णांना म्हणाला होता, "मालक, सुई उजवीकडं जाईना. मिस्त्रीला हितं बोलवा, जाग्यावर बगू द्या." पण मिस्त्री पेरणीच्या दिवसांत दुकान सोडून यायला तयार नव्हता आणि आण्णा मिनतवारी करणारे नव्हते. त्यांनी बॅटरी आणि डायनामो सोडवून मोटारसायकलवर बांधून त्याच्याकडे नेला. सोपान मिस्त्रीनं दुकानात लावून फिरवला, बॅटरीची तपासणी केली आणि सांगितलं, "दोन्ही वस्तू ठणठणीत हायेत आण्णा. वस्तूत खोट न्हाई. बॅटरी कुनीतरी वापरतंय."

बस. आमच्या घराला एवढं पुरे होतं. बॅटरी कुणीतरी वापरतंय म्हटल्यावर कोण, हा प्रश्न आम्ही तिघांनी त्या दिवशी मोठ्यानं विचारला नाही, पण तिघांच्याही डोक्यात तेच नाव आलं. त्या काळात आमच्याकडे वीज सगळ्या खोल्यांपर्यंत पोचलेली नव्हती आणि लोक ट्रॅक्टरची बॅटरी लावून टीव्ही बघायचे. मालिका सुरू झाली की रस्ते ओस पडायचे. बाई म्हणाली, "शेवंताच्या भावानं तिला टीव्ही दिलाय म्हणं." आण्णा म्हणाले, "तरीच. वर मला म्हनतो, मिस्त्रीला बोलवा. म्हंजी बोट मिस्त्रीकडं." मग भानाभाऊनं काहीही केलं तरी आम्हाला त्यात खोट दिसायला लागली. गप्प बसला तर, बघा, तोंड उघडत नाही. बोलला तर, बघा, कसा सारवासारव करतोय. सकाळी लवकर आला तर, बॅटरी परत बसवायला आला असेल. एकदा तो वाकून कटआऊटच्या डब्याकडे निरखून बघत होता, मी मागून गेले तशी त्यानं मान वर केली आणि काही न बोलता निघून गेला. मी लगेच जाऊन बाईला सांगितलं की भानाभाऊ मला बघून दचकला. दचकला नव्हता. मी ते माझ्या पदरचं घातलं.

पुरावा काढला तोही मीच. एका दुपारी ताकाचं निमित्त करून मी शेवंताकडे गेले. कोपऱ्यात लुगड्याखाली झाकलेला टीव्ही होता. मी विचारलं, "लागतो का हो वहिनी?" ती म्हणाली, "कशावर लावायचा ताई? लाईट आली म्हंजी लावू." तिथून मी थेट छपरात आले. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर चिमट्याच्या दातांचे ताजे ओरखडे होते. माझी छाती धडधडायला लागली. खरं सांगते, आनंदानं. आपण बरोबर निघालो याचा आनंद. चार्जिंगला लावताना सोपान मिस्त्रीही चिमटेच लावतो, एवढी साधी गोष्ट सायन्सला असलेल्या माझ्या डोक्यात आली नाही. मी आण्णांना नेऊन ओरखडे दाखवले. आण्णा त्यांवरून बोट फिरवून म्हणाले, "ठीक हाय. उद्या बगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेरणीला आलेली माणसं पडवीत बसलेली होती. आण्णांनी देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक पाटावर मांडला, तांब्याच्या ताटलीत बेलाची पानं आणि भंडारा ठेवला. आमच्याकडे बेल-भंडार उचलून कुणी खोटं बोलत नाही, आणि तो उचलायला सांगणं म्हणजे तू खोटारडा आहेस असं चारचौघांत म्हणणंच असतं. भानाभाऊ आला, पायरीवर थांबला. आण्णा म्हणाले, "भाना, बॅटरीला मी हात लावला न्हाई, आसं म्हन आन उचल."  भानाभाऊनं एकदा ट्रॅक्टरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग चप्पल काढून वर आला, ओंजळीत बेल-भंडार घेतला आणि शांत आवाजात म्हणाला, "ट्रॅक्टरच्या कामाबिगर मी बॅटरीला हात लावला आसंल, तर खंडोबा माजं बगून घिईल." ताटली खाली ठेवली. आण्णा घाईघाईनं म्हणाले, "झालं, मिटलं. जा, ट्रॅक्टर काढ." भानाभाऊ म्हणाला, "न्हाई मालक. आता ऱ्हात न्हाई मी." बाई मधे पडली, अरे असं काय करतोस, चहा तरी घे. तो म्हणाला, "बाई, तुमचं खाल्लंय, न्हाई म्हनत न्हाई. पन शपथ घेऊन हितं काम हुनार न्हाई." दुपारपर्यंत खोल्या मोकळ्या झाल्या. त्याच आठवड्यात ऊसतोडीच्या टोळ्या निघत होत्या. ऐन वेळी दुसरीकडे ड्रायव्हरचं काम कुठलं मिळायला? तो, शेवंता आणि मंगल एका टोळीबरोबर कोपरगावकडे गेल्याचं कळलं. बाई म्हणाली, "गेला याचाच अर्थ कळतो की." मीही मान हलवली.

आण्णांनी बॅटरी पुन्हा भरून आणली. आता ट्रॅक्टर ते स्वतः चालवायचे, आणि काम झालं की बॅटरी सोडवून घरात आणून आपल्या खाटेखाली ठेवायचे. दोन दिवस झकास घुर्र. आण्णा पडवीतल्या माणसांना म्हणाले, "बगा. चोर गेला आन चोरी थांबली." तिसऱ्या सकाळी बाई पीठ मळत होती, मी चुलीपाशी होते. बाहेरून आवाज आला, कट्ट. बाईचे हात परातीतच थांबले. पुन्हा कट्ट.  रात्रभर बॅटरी आण्णांच्या खाटेखाली होती. तिला हात लावायला घरात आम्हा तिघांशिवाय कुणीच नव्हतं. आण्णा आत आले, पाणी प्यायले, कुणाकडेही न बघता खाटेवर बसले. 

कपाटात ट्रॅक्टरबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक होतं. ते काढून मी विजेचं प्रकरण दोनदा वाचलं. मग ट्रॅक्टरच्या दिव्याचा एक बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि आण्णांना म्हटलं, ट्रॅक्टर उतारावरून सुरू करून द्या आणि बंद करू नका. काय करतेस, असंही त्यांनी विचारलं नाही. बल्बची एक वायर डायनामोला आणि दुसरी इंजिनाला लावली, तर तो डोळे दिपतील असा पेटला आणि फट्‌कन उडाला. म्हणजे वीज तयार होत होती, उलट जास्तच होत होती. मग ती कटआऊटच्या पुढे का जात नव्हती? पुस्तकात लिहिलं होतं की या डब्याचं अंग ट्रॅक्टरच्या लोखंडाला नीट टेकलेलं हवं, त्याला अर्थिंग मिळालं नाही तर तो काम करत नाही. मी नुसत्या वायरीचा तुकडा घेतला, एक टोक डब्याच्या पत्र्यावर ओरखडून धरलं, दुसरं एका उघड्या बोल्टावर. डब्यातून टिक असा आवाज आला आणि समोरची सुई सरसर उजवीकडे गेली. वायर काढली, सुई परत. लावली, सुई उजवीकडे. आण्णा सीटवर बसून ते बघत होते. मग इंजिन बंद करायला लावलं आणि मी पाना घेऊन तो डबा सोडवला. त्याच्या मागे माझा लाल रंग होता. दोन हात, गुळगुळीत, एकही डाग न सोडता. बोल्टांच्या भोकातसुद्धा मी रंग भरला होता. ब्लेडनं तो खरवडायला मला अर्धा तास लागला आणि सगळा वेळ मी रडत होते.

ट्रॅक्टर पुन्हा पहिल्यासारखा सुरू व्हायला लागला. आण्णा त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, "कुनाला सांगू नको. तुझं नाव खराब व्हायचं कारन न्हाई." मी म्हटलं, आणि भानाभाऊचं? पेरण्या उरकल्यावर एक दिवस आण्णा स्वतःच टोपी घालून तयार झाले. "चल, त्याला घेऊन येऊ. मिस्त्रीनं चुकीचं सांगितलं म्हनायचं. रंगाचं तू काडू नको." बाईनं दिवाळीच्या करंज्या डब्यात भरून दिल्या. दोन एस.ट्या बदलून आम्ही कोपरगावच्या पुढे गेलो, विचारत विचारत ऊसतोडीच्या एका फडावर पोचलो. उसाच्या पाल्याच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, मधे धूर ओकणाऱ्या चुली, चिखल. शेवंतानं आम्हाला बघितलं आणि पदर नीट करून आत गेली, बाहेर आली नाही. मंगलच्या शाळेचं काय झालं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. कोयता हातात घेतलेला भानाभाऊ फडातून आला. गळ्यात मफलर, हातांना पाल्याच्या चिरा. त्यानं आम्हाला बसायला पोतं टाकलं.

आण्णांनी ठरवून आणलेलं बोलून टाकलं. मिस्त्रीनं घोटाळा केला, कटआऊटचा बिघाड निघाला, तुझ्यावर उगीच आळ आला, चल आता घरी. भानाभाऊ ऐकत होता, पण बघत होता माझ्याकडे. मला ते सोसेना. मी म्हटलं, "बिघाड कटआऊटचा नव्हता. त्याच्यामागे मी रंग दिला होता. तुम्ही नको म्हणाला होतात तरी दिला. आणि टीव्हीचं, ओरखड्यांचं, सगळं मीच घरात सांगितलं." आण्णांनी माझ्याकडे रागानं बघितलं. भानाभाऊ म्हणाला, "ठावं हाय ताई." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तो म्हणाला, "डब्याच्या कडंनं रंग दिसत व्हता. मला शंका आलीच हुती. पन मालकाच्या लेकीचं नाव घ्यायचं म्हंजी आदी खोलून बगाया पायजे. नुस्त्या शंकंवर कसं घ्यावं कुनाचं नाव?"

आण्णांना ते लागलं. त्यांचा आवाज चढला. "आरं मग खोलून बगायचं व्हतं. मला सांगायचं व्हतं. सोन्यासारखं काम सोडून हितं यायची येळ तरी आली नसती!"

"त्याच सकाळी खोलनार हुतो मालक," भानाभाऊ म्हणाला. "पाना खिशात घिऊन आल्तो. तुमी इचारलं आसतं, तर समद्यांच्या म्होरं खोलून दावला आसता. पन तुमी इचारलंच न्हाई. तुमी बेल-भंडार म्होरं केला."

 फडातून कुणीतरी त्याला हाक मारली, गाडी भरायची होती. त्यानं करंज्यांचा डबा घेतला, शेवंताला हाक मारून तिच्या हातात दिला, आण्णांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "पाच वाजंची एस.टी. हाय, ती चुकवू नका. न्हाई तर मुक्काम पडंल." मग कोयता उचलून तो कामाला गेला.